भाषा नवी झाली, वही उघडेना : संगणकावरील हिशेबाचे दुखणे आणि त्याचा इलाज

उधारीची खाती, मालाचा साठा आणि बिले आता पुष्कळ दुकानांत संगणकावर गेली आहेत. भोर तालुक्यातील उत्रोलीसारख्या गावातला किराणा दुकानदार असो, फॅब्रिकेशनचे वर्कशॉप असो, की बाजारपेठेतले आतार, बागवान, मणियार असोत. ओळखीच्या एखाद्या मुलाकडून सात-आठ वर्षांपूर्वी प्रोग्राम करून घेतलेला असतो. तो निमूट चालतो. मग एके दिवशी सकाळी पडदा कोरा येतो किंवा इंग्रजीतला एक संदेश दिसतो. दुकानदाराच्या मनात पहिली भीती येते, सगळी उधारी बुडाली!

बहुतेक वेळा तसे झालेले नसते. वही शाबूत असते, ती उघडणारी किल्ली निकामी झालेली असते. हा फरक ज्याला कळला त्याचे पैसे वाचतात, आणि मुख्य म्हणजे घाईत हिशेब पुसला जात नाही.

तीन भाग वेगळे ओळखा

अशा प्रोग्राममध्ये तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे डेटाबेस, अर्थात खातेवही. दुसरी म्हणजे ज्या भाषेत प्रोग्राम लिहिला ती भाषा, उदाहरणार्थ पीएचपी. तिसरी म्हणजे या दोघांना जोडणारा दुवा. त्यालाच लायब्ररी किंवा ड्रायव्हर म्हणतात.

कारागीर बंधूंना हे चटकन उमगेल. चार सुती बोल्ट साडेबारा मिलिमीटरहून किंचित जाड असतो. त्याला बारा मिलिमीटरचा नट बसत नाही. बोल्ट चांगला असतो, नटही चांगला असतो, पण माप जुळत नाही. भाषा नवी केली आणि दुवा जुनाच राहिला की नेमके हेच घडते.

घडले काय?

पीएचपी भाषेचा सर्वांत ठळक दाखला घेऊ. मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलण्यासाठी तिच्यात 'मायएसक्यूएल' याच नावाची जुनी लायब्ररी होती. 2013 साली आलेल्या 5.5 आवृत्तीत ती कालबाह्य ठरवली गेली आणि डिसेंबर 2015 मधील 7.0 आवृत्तीत काढूनच टाकली. तिच्या जागी 'मायएसक्यूएल-आय' आणि 'पीडीओ' हे दोन दुवे वापरायचे असतात. जुन्या 5.6 आवृत्तीची सुरक्षा-दुरुस्ती 31 डिसेंबर 2018 रोजी थांबली. त्यामुळे इंटरनेटवर जागा भाड्याने देणारे आपल्या यंत्रांवर नवी आवृत्ती चढवतात आणि आपला प्रोग्राम अडतो.

पायथॉन भाषेचेही असेच झाले. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला. त्या काळची 'मायएसक्यूएल-पायथॉन' ही लायब्ररी तिसऱ्या आवृत्तीवर चालत नाही, तिच्या जागी 'मायएसक्यूएल-क्लायंट' बसवावी लागते.

कधी भाषा तीच राहते आणि डेटाबेस पुढे जातो. 2018 साली आलेल्या मायएसक्यूएल 8.0 ने पासवर्ड तपासण्याची मूळ पद्धत बदलली. ही पद्धत पीएचपीला 7.4 आवृत्तीपासून नीट समजते, त्याआधीच्या आवृत्त्या दारातच अडखळतात.

संदेश वाचा, रोग ओळखा

पडद्यावरचा संदेश पुसू नका, त्याचा फोटो काढा. प्रोग्राम करणारा पुण्यात बसलेला असेल तर हा एक फोटो पुण्याची खेप वाचवतो. नेहमी दिसणारे संदेश आणि त्यांचे अर्थ असे :

• 'अनडिफाइंड फंक्शन' आणि पुढे 'मायएसक्यूएल कनेक्ट' : जुनी लायब्ररी नव्या भाषेत उरलेली नाही. प्रोग्राममध्येच दुरुस्ती हवी.

• 'कुड नॉट फाइंड ड्रायव्हर' : दुवा बसवलेला नाही किंवा चालू केलेला नाही. जागा देणाऱ्याच्या नियंत्रण-पडद्यावर तो पुष्कळदा एका खुणेने चालू होतो. प्रोग्रामला हात लावावा लागत नाही.

• 'ऑथेंटिकेशन मेथड अननोन टू द क्लायंट' : डेटाबेसचे कुलूप नवे, किल्ली जुनी. भाषेची आवृत्ती वाढवणे हाच टिकाऊ उपाय. डेटाबेसला जुन्या पद्धतीवर नेण्याची युक्ती काही वर्षे चालली, पण 2024 च्या 9.0 आवृत्तीत ती पद्धतच काढली गेली.

• 'ॲक्सेस डिनाइड' : नाव, पासवर्ड किंवा परवानगी चुकली आहे. लायब्ररीचा दोष बहुधा नसतो.

• 'कनेक्शन रिफ्यूज्ड' : डेटाबेस बंद आहे किंवा पत्ता चुकीचा आहे.

• 'प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड' : ॲक्सेसच्या फायलीवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये हा दिसतो. 'जेट' नावाचा जुना दुवा फक्त 32 बिटी आहे, 64 बिटी प्रोग्रामला तो सापडत नाही. प्रोग्राम 32 बिटी चालवावा किंवा 64 बिटी 'एस' दुवा बसवावा.

एक दुखणे संदेशाविना येते. प्रोग्राम उघडतो, पण मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा विचित्र अक्षरे दिसतात. मायएसक्यूएलची पूर्वीची मूळ अक्षरपद्धत 'लॅटिन-वन' होती, 8.0 पासून ती 'यूटीएफ-एट-एमबी-फोर' झाली. दुवा एका पद्धतीने वाचतो आणि नावे दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली असतात. अशा वेळी एकही खाते उघडून पुन्हा जतन करू नये. वाचताना दिसणारी चूक दुरुस्त होते, पण प्रश्नचिन्हच जतन झाले तर मूळ नाव परत येत नाही.

इलाजाचा क्रम

पहिले काम नकलेचे. दुरुस्तीआधी डेटाबेसची पूर्ण नक्कल काढून ती दुसऱ्या जागी ठेवा. 'पीएचपी-मायॲडमिन'सारख्या साधनातून खाती दिसत असतील तर वही सुरक्षित आहे, असे समजून निश्चिंत व्हा. "सगळे काढून पुन्हा टाकू" असे कोणी म्हणाले तर नक्कल हाती येईपर्यंत त्याला थांबवा.

दुसरे, तीन आकडे लिहून घ्या : भाषेची पूर्वीची आवृत्ती, आताची आवृत्ती आणि डेटाबेसची आवृत्ती. निदान निम्मे यातच होते.

तिसरे, धंदा अडला असेल तर नियंत्रण-पडद्यावरून भाषेची जुनी आवृत्ती निवडता येते का ते पाहा. पण हा ठिगळाचा उपाय आहे. जुन्या आवृत्तीला सुरक्षा-दुरुस्ती मिळत नाही, म्हणून चार-आठ दिवसांपलीकडे त्यावर राहू नये.

चौथे, खरी दुरुस्ती. येथे "फक्त एक अक्षर वाढवायचे" असे सांगणाऱ्यापासून सावध राहा. जुन्या लायब्ररीत आधी प्रश्न द्यावा लागे आणि जोडणी दिली नाही तरी चाले. 'मायएसक्यूएल-आय'मध्ये जोडणी आधी द्यावीच लागते. त्यामुळे डेटाबेसशी बोलणारी प्रत्येक ओळ तपासावी लागते. शिवाय पीएचपी 8.1 पासून, म्हणजे 2021 पासून, हा दुवा डेटाबेसची चूक झाकत नाही, तिथेच काम थांबवतो. त्यामुळे पूर्वी लपून राहिलेल्या चुकाही आता वर येतात.

पाचवे, दुरुस्ती नकलेवर करून घ्या आणि स्वतः तपासा. जुनी पाच खाती उघडा. एक नवे बिल करा, एक माल परत घ्या. गेल्या महिन्याची बेरीज कागदावरच्या बेरजेशी ताडून पाहा. बेरीज जुळली तरच मजुरी चुकती करा.

हे टाळून चालणार नाही

जीएसटी कायद्याच्या कलम 36 नुसार हिशेब व नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपाव्या लागतात. 2023-24 या वर्षाची ती तारीख 31 डिसेंबर 2024 होती, म्हणजे त्या वर्षाच्या नोंदी 31 डिसेंबर 2030 पर्यंत दाखवता आल्या पाहिजेत. "प्रोग्राम उघडत नाही" हे उत्तर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे चालणार नाही, आणि उधारी नाकारणाऱ्या गिऱ्हाइकापुढे तर मुळीच नाही.

म्हणून प्रोग्राम करणाऱ्याशी व्यवहार ठरवतानाच चार गोष्टी लिहून घ्याव्यात : मूळ आज्ञावलीची प्रत आपल्याकडे राहील, जागेचे भाडे व पासवर्ड आपल्या नावावर असतील, दर आठवड्याला डेटाबेसची नक्कल निघेल, आणि वर्षातून एकदा भाषा व दुवा यांच्या आवृत्त्या तपासल्या जातील. यंत्राला तेल घालायला आपण विसरत नाही. हिशेबाच्या प्रोग्रामलाही तीच निगा लागते.