मृत्युपत्रांतून सापडणारे पूर्वज

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात वसाहतकाळातल्या पूर्वजांचा माग काढायचा, तर काउंटी कोर्टाची दप्तरे उघडावीत. १६३४ मध्ये वसाहतीचे आठ विभाग झाले. तिथून काउंट्यांची सुरुवात झाली. माणूस वारला की त्याचे मृत्युपत्र साक्षीदारांकरवी कोर्टात शाबीत होई आणि कारकून ते वहीत उतरवून घेई. मृत्युपत्र नसेल, तर कोर्ट व्यवस्थापक नेमी.

लग्न झालेल्या मुलीचे सासरचे आडनाव अनेकदा मृत्युपत्रातच कळते. मात्र त्यात नाव नाही म्हणजे नातेच नाही, असे मानू नये. ज्या मुलाला बापाने हयातीतच जमीन दिली, त्याचा उल्लेख कधी कधी गाळलेला असतो.

सर्वांत बोलका कागद मालमत्तेच्या यादीचा. कोर्टाने नेमलेले पंच गाद्या, भांडी, गुरे यांची किंमत लिहीत. त्याच यादीत गुलाम केलेल्या माणसांची नावे, बहुधा आडनावाविना, किमतीसह येतात. वाचताना जीव कळवळतो. पण १८७० पूर्वीच्या जनगणनांत त्यांतल्या बहुतेकांची नावेच नाहीत. त्यामुळे त्यांच्या वंशजांना अशा याद्यांचाच मोठा आधार असतो.

पण सगळीच दप्तरे उरलेली नाहीत. १८६५ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराच्या आगीत, सुरक्षित राहावीत म्हणून तिथे पाठवलेली अनेक काउंट्यांची दप्तरे जळाली. शिवाय काउंट्यांच्या सीमा बदलत गेल्या. कुटुंब जागचे हलले नाही तरी त्याची काउंटी बदललेली असू शकते. म्हणून एका काउंटीत काही सापडले नाही, तर शोध थांबवू नका. शेजारच्या आणि मूळ काउंटीच्या वह्याही पाहा.