शरीराची बोली आणि औषधाची भाषा

श्रोतेहो, आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत पहा! गळू ठणकते, दाढेतून कळ येते, पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते, पोटरीत गोळा येतो, ताप भरण्याआधी अंगात कसकस वाटते. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी आपल्या शरीराकडे लक्ष दिले, म्हणून ही बोली घडली.

आता आरोग्याची माहिती मोबाइलवर मिळते. घरात कोणी आजारी पडले की शिकलेला मुलगा ती शोधून वाचून दाखवतो : 'निर्जलीकरण', 'मूत्रदाह', 'स्नायूंचे आकुंचन'. अक्षरे मराठी, पण आजीला काही उमगत नाही. तेच 'अंगातलं पाणी कमी झालंय, उन्हाळी लागलीय, पायात गोळे येताहेत' असे म्हटले, तर ती म्हणेल, 'मग आधीच असं सांगायचं ना!'

मजकूर किती सोपा आहे हे मोजताही येते. रुडॉल्फ फ्लेश यांनी अमेरिकेत १९४८ साली इंग्रजीसाठी तसे सूत्र मांडले. वाक्यात शब्द किती आणि शब्दात उच्चार किती, यांवर ते बेतलेले आहे. रुग्णांसाठीचा मजकूर सहावीच्या मुलाला वाचता यावा, असा तिकडच्या डॉक्टरांच्या संघटनेचा सल्ला आहे. पण ते सूत्र मराठीला जसेच्या तसे लागू पडत नाही. 'शेजाऱ्यापाजाऱ्यांनासुद्धा' हा शब्द लांबलचक, पण सर्वांना कळतो. 'वृक्क' हा दोनच अक्षरांचा, पण त्याचा अर्थ मूत्रपिंड, हे किती जणांना ठाऊक असेल?

मग आपली कसोटी कोणती? ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगावे, ही. 'समजलं का?' असे विचारले तर भिडेपोटी सगळेच मान हलवतात. त्यापेक्षा 'आता घरी जाऊन काय करणार, ते सांगा बरं,' असे विचारावे. उत्तर चुकले, तर दोष सांगणाऱ्याच्या शब्दांचा समजावा.

आपल्या वर्धा जिल्ह्याला हा विचार नवा नाही. सेवाग्रामला राहणाऱ्या गांधीजींनी १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना 'आरोग्याची किल्ली' हे छोटे पुस्तक लिहायला घेतले. त्याची सुरुवातच शरीराच्या ओळखीने होते. त्याचा इंग्रजी अनुवाद डॉ. सुशीला नायर यांनी केला, आणि त्यांनीच १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तिथल्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. खेड्यातल्या ओसरीवर पुस्तकी शब्द फार काळ टिकत नाहीत.

शरीराची ही बोली खेळाडूला तर फारच उपयोगी. कबड्डीपटूचा दमच पहा. 'कबड्डी कबड्डी' म्हणताना आवाज कुठे पातळ होतो, हे त्याला आतून कळते आणि तो वेळेवर मागे फिरतो. धावणाऱ्यानेही असेच ओळखावे. बोलता येते तोवर वेग बेताचा, एकेक शब्द तुटू लागला की फार झाला. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाय सारखे भरून आले, तर ते श्रमाचे दुखणे, दोनचार दिवसांत ओसरते. पण हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवले की कळ येते आणि रोज वाढते, तर खेळ थांबवून डॉक्टरांकडे जावे.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हे जिवावरचे प्रकरण आहे. तोंडाला कोरड, गडद लघवी, गोळे, डोकेदुखी, भोवळ या शरीराच्या हाका आहेत. तेव्हाच सावलीत बसावे, पाणी प्यावे. 'सहन कर, रडू नकोस' असे मुलांना म्हणू नये. अंग तापून मूल असंबद्ध बोलू लागले, तर ऊन लागले समजा. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही लक्षणे गावच्या शब्दांत लिहून मैदानाजवळ लावा. लावण्याआधी सहावीच्या एखाद्या मुलाकडून वाचून घ्या आणि त्याला विचारा, 'आता तू काय करशील?' त्याला बिनचूक सांगता आले, तरच तो कागद भिंतीवर लावावा.