मातीतून आलेली गोळी

किडनी बदलून माणूस नागपूरहून कळंबला परततो तेव्हा हातात औषधांची पिशवी असते आणि डोक्यात सूचना. गोठा झाडायचा नाही, शेणखत उपसायचं नाही, बुरशी धरलेल्या कुटारात हात घालायचा नाही. पहिले काही महिने वावराकडे फिरकायचंच नाही. पुढेही गेलात तर पायात बूट, हातात मोजे, तोंडाला मास्क. कापूस-सोयाबीनच्या मुलखातल्या माणसाला हे मीठ कमी करण्यापेक्षा जड जातं.

कारण तसं सरळ आहे. शरीर नव्या किडनीला परकी समजतं आणि तिच्यावर तुटून पडू पाहतं. म्हणून औषधांनी प्रतिकारशक्ती दबवून ठेवावी लागते. ती दबली की मातीतले नोकार्डियासारखे जिवाणू आणि अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशी फुप्फुसात ठाण मांडू शकतात. धडधाकट माणूस यांना रोज श्वासासोबत आत घेतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

गंमत अशी की प्रतिकारशक्ती दबवणारी ही मुख्य औषधंसुद्धा मातीतूनच आली आहेत.

१९५४ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं ते जुळ्या भावांमध्ये. दोघे इतके एकसारखे की शरीराला परकेपणा जाणवलाच नाही. आपल्याकडे मुंबईच्या केईएममध्ये १९६५ साली प्रयत्न झाला. पण जुळा भाऊ कितीजणांना असणार? त्या काळी स्विस औषध कंपनी सँडोझचे कर्मचारी सुट्टीवर गेले की तिथली थोडी माती सोबत आणत, नवी प्रतिजैविकं शोधण्यासाठी. १९६९ मध्ये नॉर्वेच्या एका उजाड पठारावरून आलेल्या अशाच मातीतल्या बुरशीत सायक्लोस्पोरिन सापडलं. १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतून टॅक्रोलिमस आलं. आज कळंबच्या पेशंटच्या डब्यात बहुधा हीच गोळी असते.

तिसऱ्या औषधाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९६४ मध्ये कॅनडाचं एक पथक प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेलं आणि मातीचे नमुने घेऊन आलं. मॉन्ट्रियलच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने त्यातल्या जिवाणूपासून रॅपामायसिन वेगळं काढलं. शोध चालला होता बुरशीवरच्या औषधाचा. पुढे प्रयोगशाळा बंद झाली, कंपनीचा रस संपला, तेव्हा सहगलांनी तो जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. १९९९ मध्ये ते औषध किडनीच्या पेशंटसाठी मंजूर झालं.

पण बुरशी मारायला निघालेलं औषध माणसाची प्रतिकारशक्ती का दबवतं? मातीत जिवाणू आणि बुरशी यांची जागेसाठी, अन्नासाठी अखंड झटापट चालते, आणि शेजाऱ्याची वाढ रोखणारी रसायनं ही त्यांची हत्यारं. बुरशीच्या पेशीतली जी यंत्रणा ही रसायनं बंद पाडतात, तीच जवळजवळ जशीच्या तशी आपल्या पेशीतही आहे. आपला आणि बुरशीचा पूर्वज कधीकाळी एकच होता, त्याची ही खूण. आपल्या लढाऊ टी पेशींना वाढायला नेमकी तीच यंत्रणा लागते.

हत्यार असल्याने त्याचं माप काटेकोर. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी साधारण मिलिलिटरमागे ५ ते १० नॅनोग्रॅम ठेवतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग! कमी झाली तर किडनीवर हल्ला, जास्त झाली तर औषधच किडनीला इजा करतं. म्हणून दर बारा तासांनी गोळी, घड्याळ लावून. आणि तपासणीच्या दिवशी रक्त दिल्याशिवाय सकाळची गोळी घ्यायची नाही, कारण मोजायची असते ती सगळ्यात खालची पातळी. पहाटेच्या एसटीने निघायचं, गोळी खिशात, आणि हातातून सुई निघाली की मग घोटभर पाण्याबरोबर ती घ्यायची.

खाण्यातही हेच माप. पपनस आणि त्याच्या कुळातलं ग्रेपफ्रूट वर्ज्य, कारण औषध मोडणारं आतड्यातलं विकर ती फळं बंद पाडतात आणि पातळी चढते. नेहमीच्या नागपुरी संत्र्यांची ही अडचण नाही, पोटॅशियम वाढलेलं नसेल तर ती खाता येतात. शेजारणीने प्रेमाने दिलेला गुळवेलीचा काढा मात्र नको, ती प्रतिकारशक्तीला डिवचते. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर नको. कळंबच्या चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून खुशाल दर्शन घ्यावं, गर्दीचा दिवस टाळून. कुंडाचं तीर्थ डोळ्यांना लावावं, प्यायचं नाही.

पाण्याची उलटापालट तर बघण्यासारखी. डायलिसिसवर असताना मे महिन्यातही घोट मोजून प्यावे लागतात. किडनी बसली की तोच डॉक्टर दिवसाला अडीच-तीन लिटर प्या म्हणतो, उकळून गार केलेलं. आणि नवी किडनी बसते कुठे? जुन्या दोन्ही सहसा जागच्या जागीच राहतात. तिसरी पोटाच्या खालच्या भागात, जांघेच्या वर, कातडीखाली हाताला लागेल अशी. म्हणून तिथे मार बसू द्यायचा नाही. ताप शंभरावर गेला, वजन एकाएकी वाढलं, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता फोन करायचा. वजन, रक्तदाब आणि लघवी यांची रोजची वही बहुतेक घरांत शाळकरी पोरंच लिहितात, आणि चोख लिहितात.

किडनी देणाऱ्यांत आपल्याकडे बायकाच जास्त: आई, नाहीतर बायको. तिच्या अंगात उरलेली एक किडनी काही आठवड्यांतच आकाराने वाढते आणि गेलेलीचं बरंचसं काम उचलते. त्यामुळे ती लवकर उभी राहते, निंदणाला जाते, आणि घर तिला विसरतं. तिचाही रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन वर्षातून एकदा तपासावं लागतं. पेशंटच्या नागपूरच्या फेरीत तिचं रक्त त्याच दिवशी देता येतं.