आदर्श हवा, पण कशासाठी?

वहीची पाने फाडणारा विद्यार्थी बहुतेक शिक्षकांनी पाहिलेला असतो. आकृती काढताना रेघ जरा वाकडी गेली की तो पान फाडतो, पुन्हा सुरुवात करतो, पुन्हा फाडतो. वही मधोमध शिवलेली असल्याने पुढचे पान गेले की मागचेही सुटते. दिवाळीपर्यंत वही निम्मी होते आणि तपासायला मात्र येतच नाही. आपण म्हणतो, 'मुलगा आळशी आहे.' खरे तर तो वर्गातल्या अनेकांपेक्षा जास्त राबलेला असतो. मग त्याचे अडते कुठे?

मनातल्या तीन प्रतिमा

आपल्या मनात स्वतःची एकच प्रतिमा नसते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टोरी हिगिन्स यांनी १९८७ साली अशा तीन प्रतिमांची मांडणी केली. 'मी आज जसा आहे' ती पहिली, 'मला जसे व्हायचे आहे' ती दुसरी आणि 'मी जसा असायलाच हवा' ती तिसरी. पहिली आणि दुसरी यांत अंतर पडले की खिन्नता येते. पहिली आणि तिसरी यांत पडले की धास्ती वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या अभ्यासांत ही विभागणी नेहमीच इतकी स्वच्छ दिसली नाही. पण हे अंतर मनाला जाचते, हा मुद्दा टिकून राहिला.

येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. उत्तम काम करण्याची ओढ वेगळी आणि परिपूर्णतेचा हट्ट वेगळा. ओढ असलेला विद्यार्थी चूक झाली की म्हणतो, 'ही आकृती चुकली.' हट्टात अडकलेला म्हणतो, 'मीच चुकीचा.' त्याच्या लेखी कामाची किंमत आणि स्वतःची किंमत एकच असते. म्हणून अपुरे काम दाखवण्यापेक्षा काम न दाखवणे त्याला सुरक्षित वाटते.

हा हट्ट नेहमी आतूनच येतो असे नाही. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ साली त्याचे तीन प्रकार सांगितले : स्वतःकडून परिपूर्णतेची अपेक्षा, इतरांकडून अपेक्षा, आणि 'लोक माझ्याकडून परिपूर्णतेचीच अपेक्षा करतात' ही भावना. अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमधील ४१ हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातील माहिती एकत्र करून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे तिन्ही प्रकार वाढलेले आढळले. सर्वांत जास्त वाढ तिसऱ्यात होती. आपल्याकडे दहावीच्या निकालादिवशी ९२ टक्के मिळवूनही रडणारी मुले पाहिली, की हा तिसरा प्रकार ओळखू येतो.

मातीतून गादीवर

मग आदर्शच खाली आणावा का? आम्हाला तसे वाटत नाही. कोल्हापूरच्याच कुस्तीचा एक दाखला पाहू.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. मातीत तयार झालेला हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरला आणि सहावा आला. त्या सहाव्या क्रमांकाचे दोन अर्थ लावता येत होते. 'आपली लायकीच नाही' हा एक, आणि 'गादीवरचे तंत्र अजून शिकायचे आहे' हा दुसरा. पुढच्या चार वर्षांची मेहनत दुसऱ्या अर्थाशी जुळते. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तेथे खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव्ह यांच्याकडून ते हरले. पदक आले ते कांस्य. पण स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

कांस्यपदकाविषयी मानसशास्त्रात एक गमतीदार निरीक्षण आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील खेळाडूंचे निकालाच्या क्षणाचे चेहरे काही विद्यार्थ्यांना दाखवून त्यांना आनंदाचे १० पैकी गुण द्यायला सांगितले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रौप्य मिळवणाऱ्यांना सरासरी ४.८ गुण पडले, कांस्य मिळवणाऱ्यांना ७.१! दुसरा आलेला तिसऱ्यापेक्षा कमी आनंदी. कारण तो हुकलेल्या सुवर्णाकडे पाहतो. तिसरा मात्र 'पदकच हुकले असते' याच्याशी तुलना करतो. म्हणजे समाधान केवळ यशाच्या उंचीवर ठरत नाही. मोजायला सुरुवात कोठून केली, यावरही ठरते.

कुस्तीतच याचे चांगले रूपक सापडते. मातीतल्या कुस्तीचा परंपरेने खरा निकाल म्हणजे चीतपट. पाठ टेकली की संपले. गादीवर आज प्रत्येक यशस्वी डावाला गुण मिळतात; हरणाऱ्याच्या नावावरही काही गुण असतात. पाने फाडणारा विद्यार्थी स्वतःला सतत चीतपटाच्या नियमाने मोजत असतो. त्याला गुणांची पद्धत शिकवणे हे आपले काम आहे.

वर्गात काय करता येईल?

पहिली गोष्ट, शेरा कामावर द्यावा, मुलावर नाही. 'तू हुशार आहेस' किंवा 'तू निष्काळजी आहेस' यापेक्षा 'नावे बरोबर आहेत, प्रमाण चुकले आहे' हे उपयोगाचे. दुसरी, तुलना त्याच्याच मागच्या कामाशी करावी. तिसरी, फळ्यावर आपली चूक झाली तर ती घाईने न पुसता वर्गासमोर दुरुस्त करावी. विज्ञानाच्या शिक्षकाला तर हे सोपे आहे. प्रयोगातली चूक ही नोंदवायची गोष्ट असते, लपवायची नाही. मात्र एखादे मूल सतत उदास दिसू लागले, जेवण-झोप बिघडली किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर पालकांशी ताबडतोब बोलून तज्ज्ञाची मदत घ्यायलाच हवी.

ध्रुवताऱ्यावरून वाट शोधणारा प्रवासी ताऱ्यापर्यंत पोहोचत नाही, गावाला पोहोचतो. आदर्शाचे काम तेवढेच आहे. म्हणून उद्या वर्गात त्या विद्यार्थ्याला एकच सांगून पाहू : 'पान फाडू नकोस. चुकलेल्या आकृतीवर तारीख घाल आणि पुढच्या पानावर दुसरी काढ.' महिन्याने दोन्ही पाने शेजारी ठेवली, की आपण किती पुढे आलो हे त्याला स्वतःच दिसेल. फाडलेल्या पानांवरून ते कधीच दिसले नसते.