दोन पट्ट्यांचा हिशेब

आमचा धंदा धान्याचा आणि शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकावर लिहिण्याचा अधिकार तो किती असणार? तथापि आजकाल पेठेत गल्ल्याच्या खणात औषधाच्या दोन पट्ट्या हटकून आढळतात, एक साखरेची व दुसरी रक्तातील चरबीची; आणि पर्युषण जवळ आले म्हणजे कोणती घ्यावी व कोणती सोडावी याचा निवाडा बंधुजन डॉक्टरांऐवजी शेजारच्या गादीवर करून घेतात. सबब हे चार शब्द.

चरबीच्या गोळीशी आम्हां धान्यवाल्यांचे थोडे नाते आहे. जपानातील अकिरा एन्डो यांनी १९७० नंतरच्या वर्षांत हजारो बुरशी तपासल्या. पैकी जिच्यापासून स्टॅटिन वर्गातील पहिले द्रव्य हाती आले, ती क्योटोतील एका धान्याच्या दुकानातील तांदळावरची होती. (आमच्या वखारीत बुरशी दिसली म्हणजे आम्ही केवळ हमालावर ओरडतो!) ही गोळी साखर किंचित वाढविते, असे ऐकून कित्येकांनी ती परस्पर बंद केली आहे. वार्ता खोटी नव्हे. २०१२ साली अमेरिकेच्या औषध खात्याने तशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घालविली. परंतु जमेची बाजूही वाचावी. ब्रिटन व आयर्लंडमधील २,८३८ मधुमेही रुग्णांवरील चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली; तीत रोज १० मिलिग्रॅम अटॉर्व्हास्टॅटिन घेणारांत हृदयविकार व पक्षाघाताचे मोठे प्रसंग ३७ टक्क्यांनी कमी भरले. मात्र अंग विनाकारण दुखू लागले वा लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा जेमफायब्रोझिल कोणी लिहून देत असेल, तर ही गोळी चालू असल्याचे आधी सांगावे.

उपवासात घात होतो तो बहुधा दुसऱ्या पट्टीने. ग्लिमेपिराइड पोटात अन्न नसतानाही इन्सुलिन सोडावयास लावते. मग घाम, कंप, बोलण्यात गोंधळ. इन्सुलिनच्या सुईचेही तसेच. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हे भय फार थोडे. डापाग्लिफ्लोझिनची तऱ्हा निराळी: लांब उपवासात, विशेषतः निर्जळीत, साखर बेताची दिसत असताही रक्तात आम्ल साचते, मळमळ, पोटदुखी व धाप ही त्याची लक्षणे. म्हणून अठ्ठाई धरणाराने पंधरा दिवस आधीच दोन्ही पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जावे. नित्य चौविहार पाळणारानेही आपली जेवणाची वेळ त्यांस सांगावी. ग्लिमेपिराइड जेवणाबरोबरची गोळी आहे, निजतेवेळची नव्हे. अटॉर्व्हास्टॅटिन मात्र दिवसाच्या कोणत्याही ठराविक वेळी चालते.

साखर ७० च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. उपवास मोडेल म्हणून थांबू नये; पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात, ते अशा पीडेसाठीच. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला तडक इस्पितळात न्यावे, आणि दोन्ही पट्ट्या बरोबर घ्याव्यात.