वारसा भाषा
वारसा भाषा म्हणजे पूर्वजांकडून घरात आलेली, परंतु भोवतालच्या समाजात शिक्षणाची व व्यवहाराची नसलेली भाषा. ती प्रौढपणी शिकणाऱ्यास उच्चार व घरगुती शब्द बहुधा परिचित असतात. लेखन, वाचन व औपचारिक शब्दसंग्रह मात्र नव्याने आत्मसात करावा लागतो. अमेरिकेतील पोलिश वंशाच्या व्यक्तीला बालपणी ऐकलेल्या शब्दांची सात विभक्तींतील रूपे अशीच नियमाने शिकावी लागतात.

तंजावर मराठी हे मराठीतील उदाहरण होय. सतराव्या शतकात व्यंकोजी भोसले यांनी स्थापलेले तंजावरचे राज्य १८५५ मध्ये खालसा झाले; तेथे स्थायिक झालेल्या कुटुंबांत बोली टिकली, शिक्षण मात्र प्रामुख्याने तमिळ व इंग्रजीतून झाले. त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्यालाही पूर्वजांच्या काळातील मोडी कागदपत्रे वाचण्यासाठी लिपी शिकावी लागते. अशा अध्ययनाचा प्रारंभ अवगत बोलीपासून करणे उपयुक्त ठरते.