पहिला कोण धावणार?

वर्धा शहराला लागून सिंदी मेघे आहे. समजा, तिथल्या रस्त्यावर एक सायकलवाला पडला. डोक्यातून रक्त वाहते आहे. माणूस परगावचा. कोणी त्याला ओळखत नाही. भोवती वीस-पंचवीस माणसे जमली. "कोण आहे गा?" "कसा काय पडला?" असे जो तो विचारतो. पण खाली कोणी वाकत नाही.

मग एक बाई पुढे होते. पदर जखमेवर दाबून धरते. लगेच दुसरा फोन लावतो. तिसरा गाड्या थांबवतो. आता सगळेच कामाला लागतात.

मग आधी ते नुसते उभे का होते? त्यांची मने दगडाची होती काय? नाही. तसे असते, तर ती मागूनही धावली नसती.

गोष्ट अशी आहे. गर्दीत प्रत्येकाला वाटते, "एवढे लोक आहेत, कोणीतरी बघेल." प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. दुसरा शांत दिसला, की वाटते, "फारसे काही झाले नसेल." दुसराही आपल्याकडे बघून हेच ठरवतो! असे सगळे एकमेकांमुळे थांबतात.

हे दोन अभ्यासकांनी अमेरिकेत पारखून पाहिले. त्यांची नावे लाताने आणि डार्ली. त्यांनी १९६८ साली हा प्रयोग छापला. एका माणसाला खोलीत एकटे बसवले आणि भिंतीच्या फटीतून आत धूर सोडला. अशा चार माणसांपैकी तिघांनी बाहेर जाऊन धुराची खबर दिली. मग दुसऱ्या वेळी माणसाजवळ दोन सोबती बसवले. धूर आला तरी गप्प बसायचे, असे त्या सोबत्यांना शिकवून ठेवले होते. आता दहा माणसांपैकी फक्त एक जण उठला. बाकीचे डोळे चोळत, खोकत तिथेच बसून राहिले.

पण म्हणून निराश होऊ नका. पुढे काही अभ्यासकांनी इंग्लंड, नेदरलँड आणि दक्षिण आफ्रिका या देशांतल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांची चित्रे तपासली. त्यात खरीखुरी भांडणे होती. २०१९ साली त्यांनी सांगितले, की दहापैकी नऊ भांडणांत कोणी ना कोणी मध्ये पडलेच. म्हणजे मदतीची इच्छा माणसात असते. ती मनात अडकते, एवढेच.

ती आणखी एका कारणाने अडकते. ते कारण म्हणजे भीती. बाबा आमटे यांचे उदाहरण पाहा. त्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यात, हिंगणघाटला, १९१४ साली झाला. एकदा रेल्वेत गोरे सैनिक एका नवविवाहितेची छेड काढत होते. बाबा त्यांच्याशी भिडले. मार खाल्ला, पण हटले नाहीत. गांधीजींनी त्यांना 'अभय साधक' म्हटले. अभय म्हणजे भीती नसलेला.

पुढे वरोऱ्याला पावसात त्यांना तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पडलेला दिसला. त्याचे शरीर झडले होते. त्याला पाहून हाच निर्भय माणूस घाबरून पळाला! पण मन स्वस्थ बसू देईना. बाबा परत फिरले. त्यांनी तुळशीरामावर आडोसा केला, त्याला खाऊ घातले. तुळशीराम वाचला नाही. पण बाबांनी त्या रोगाची माहिती करून घेतली, कलकत्त्याला जाऊन शिक्षण घेतले. माहिती वाढली, तशी भीती गेली. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले.

यातून काय शिकायचे? शूर माणसालाही भीती वाटते. पळालेला माणूसही परत येऊ शकतो. आणि काय करायचे हे ठाऊक असले, की पाय पुढे पडतो.

काही जण म्हणतात, "दवाखान्यात नेले, तर पोलीस आपल्यालाच धरतील." ही भीती आता सोडा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यातही तसे कलम घातले गेले. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्यासाठी खटला होत नाही. नाव-गाव सांगण्याचीही सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

तर अपघात दिसला की हे करा:

१०८ ला फोन लावा. रुग्णवाहिका फुकट येते. जागेची खूण नीट सांगा.

रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. पाणी श्वासनळीत जाते.

जागेवर धोका नसेल, तर जखमीला ओढू नका, उचलू नका. मान किंवा पाठ मोडलेली असू शकते.

आणि "कोणीतरी फोन करा हो!" असे सगळ्यांना मिळून ओरडू नका. 'कोणीतरी' म्हणजे कोणीच नाही. एकाकडे बोट करा. म्हणा, "ओ पांढऱ्या टोपीवाले काका, तुम्ही फोन लावा. ताई, तुम्ही इकडे कापड द्या." ज्याला नेमून सांगितले, त्याला वाटते, हे माझे काम आहे. तो हमखास हलतो. तुम्ही स्वतः जखमी असलात, तरी असेच एकाला हाक मारून सांगा.

आता तुम्हाला लिहिता येते. मग आजच खडूने घराच्या दारावर मोठा आकडा लिहून ठेवा: १०८. शेजाऱ्याला अजून वाचता येत नसेल, तर त्यालाही तो वाचून दाखवा.